धरणाकाठच्या बाई

निवृत्त झाल्यावर बाईंनी स्वतःसाठी पहिली वस्तू घेतली ती म्हणजे पांढरे कॅनव्हासचे बूट. आमच्या शाळेतल्या मुली पीटीच्या तासाला घालायच्या, अगदी तसलेच. कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यावर जाळी, खांद्याला शबनम, हातात काळी छत्री आणि खाली हे बूट, अशा थाटात बाई पंचवटीच्या आमच्या गल्लीतून निघाल्या की भाजीवाल्या हातातला तराजू तसाच अधांतरी धरून बघत राहायच्या. एकीनं मला विचारलंच, "त्या हेडबाईंच्या पायाला काय झालंय का?"

"नाही हो. फिरायला जातात त्या."

"कुठं?"

"गंगापूरच्या धरणावर."

"तिथं काय हाय?"

याचं उत्तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

मी मूळची चांदवडची. घरची कांद्याची शेती. आमच्याकडे माणूस उन्हात जातो तो कामाला आणि झाडाखाली बसतो तो भाकरी खायला. त्यामुळे धडधाकट बाईनं, घरात चांगला पंखा असताना, एसटीत बसून पाण्याकाठी जायचं आणि नुसतं बसून परत यायचं, हा प्रकार मला सुरुवातीला बरेच दिवस आजारच वाटत होता.

बाई आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. बीएड होऊन मी नाशकात आले ती त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले. परगावची एकटी मुलगी म्हणून त्यांनीच मला त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर खोली मिळवून दिली. त्या वरच्या मजल्यावर. म्हणजे शाळेतला धाक शाळा सुटली तरी सुटायचा नाही. संध्याकाळी माझा रेडिओ जरा मोठा झाला की वरून एकदाच खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. बस्स. मी रेडिओ बंद करायची आणि उगाचच वह्या तपासायला घ्यायची.

शाळेत तर काही विचारूच नका. जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून कोणती बाई उशिरा आली हे त्यांना खोलीत बसून कळायचं. रजा त्या स्वतः घ्यायच्या नाहीत आणि दुसऱ्यानं मागितली तर असा चेहरा करायच्या, की मागणाऱ्याचा ताप तिथल्या तिथे उतरायचा. त्यांच्या खोलीला मैदानाच्या बाजूनं एक मोठी खिडकी होती. मुख्याध्यापिका झाल्या झाल्या त्यांनी त्या खिडकीला लोखंडी कपाट लावून टाकलं. बाहेर लक्ष जातं, कामाचा खोळंबा होतो, म्हणून.

हे कपाट त्यांच्या निवृत्तीच्या वेळी हललं. पुढच्या बाईंना सगळं सामान मोजून द्यायचं होतं, एप्रिल संपत आला होता, आणि मदतीला मी होते. शिपाईमामांनी कपाट सरकवलं तशी ती इतकी वर्षं बंद असलेली खिडकी धक्का मारून उघडावी लागली. बाहेर बहावा फुललेला होता. एकही पान दिसत नव्हतं, नुसते पिवळे घोसच्या घोस. खोलीतली भिंत, रजिस्टरं, बाईंची पांढरी साडी, सगळ्यावर पिवळट उजेड पडला.

बाईंनी विचारलं, "हे झाड कधी लावलं?"

मामा गडबडले. त्यांना वाटलं, परवानगी न घेता लावल्याबद्दल आता मेमो मिळणार. "आपुन नाय लावलं बाई," ते घाईनं म्हणाले. "ते तुम्ही यायच्या आधीपासून हाय."

बाई खिडकीशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. पुढच्या बाई हातात यादी घेऊन थांबल्या, मामा कपाट धरून थांबले, मी थांबले. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "दरवर्षी येत असेल नाही हे असं?" आणि यादीवर सही करून टाकली, एकही वस्तू न मोजता. अख्ख्या नोकरीत न मोजता केलेली ती त्यांची एकमेव सही असावी.

निरोप समारंभात संस्थेनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. बाईंना कुणकुण लागली. त्यांनी निरोप पाठवला, की घड्याळ मुळीच नको, द्यायचीच असेल तर घडीची खुर्ची द्या, उचलून नेता येईल अशी. अध्यक्षांना ते फार लागलं. स्टेजवर शाल, श्रीफळ आणि त्याच्या शेजारी मंडपवाल्याची राहून गेल्यासारखी दिसणारी ती हिरव्या नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची! अध्यक्ष भाषणात म्हणाले, "बाई आज खुर्ची सोडत आहेत..." आणि पुढे काय म्हणावं ते त्यांना सुचेना, कारण बाई तेवढ्यात उठून, नवी खुर्ची उघडून, ती डगमगते का हे बघायला तिच्यावर बसल्या होत्या. मुली हसल्या. बाईंनी त्यांच्याकडे नजर टाकली. मुली गप्प झाल्या. नजर काही निवृत्त झालेली नव्हती.

सुरुवातीला त्यांनी रीतसर मार्ग धरला. बागेतल्या सकाळच्या हास्यक्लबात नाव घातलं. तिथे एक गृहस्थ शिट्टी मारायचे आणि मग सगळे ज्येष्ठ नागरिक हात वर करून हसायचे. बाई आठवडाभरात बाहेर पडल्या. मी कारण विचारलं.

"अगं, शिट्टी मारून हसवतात."

"मग?"

"शाळेत मी शिट्टी मारून हसणं बंद करायची. माझ्या अंगात ते इतकं मुरलंय की त्यांची शिट्टी वाजली की मी सगळ्यांकडे रागानं बघायला लागते. त्या माणसाचं हसू पार गेलं बिचाऱ्याचं."

मग एके दिवशी सीबीएसच्या स्टँडवरून गिरणारेची एसटी पकडून त्या धरणाच्या फाट्यावर उतरल्या, कच्च्या रस्त्यानं पाण्याच्या कडेकडेनं चालत गेल्या, एका करंजाखाली खुर्ची मांडली, आणि त्यांचं बस्तान बसलं.

पहिली चौकशी केली ती शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं. हा किस्सा बाई स्वतः रंगवून सांगायच्या. म्हातारी आधी लांबून बघत होती, मग जवळ आली.

"जमीन घ्यायची का बाई?"

"नाही."

"मंग ईकायची?"

"नाही."

"मंग मोजनी हाय?"

"नाही हो. नुसतं बघत बसलेय."

म्हातारीनं पाण्याकडे बघितलं, मग बाईंच्या बुटांकडे बघितलं. "घरी कोन नाय व्हय?" तिनं मायेनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"मंग बसा," असं म्हणून ती गेली. बाईंना या परवानगीचं मोठं अप्रूप. शिक्षण खात्यानं आजवर दिलेली कुठलीही मान्यता त्यांना इतकी मोलाची वाटली नसावी.

शनिवारी आमची सकाळची शाळा असायची. बाईंनी एका शनिवारी मला बरोबर नेलं, आणि मग तो पायंडाच पडला. मला वाटलं होतं, मोकळ्या हवेत बाई जरा सैल होतील. छे. त्यांनी विश्रांतीलाही शिस्त लावलेली होती. तिथे विणकाम चालायचं नाही, मटार सोलायचे नाहीत. पहिल्याच खेपेला मी पिशवीतून तपासायच्या पेपरांचा गठ्ठा काढला, तर त्यांनी तो काढून घेऊन स्वतःच्या पाठीमागे उशीसारखा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत त्याला टेकून बसल्या. बिनामाफीचा गुन्हा म्हणजे "किती छान, नाही?" असं म्हणणं.

"छान म्हणायचं नाही."

"का बाई? छानच आहे की."

"छान म्हटलं की तुझं बघून झालं. मग तू डबा उघडतेस."

हे खरं होतं. मी डबा उघडायचीच. बाईंच्या डब्यात नेहमी जाड थालीपीठ आणि दाण्याची चटणी. शाळा सांभाळण्यात स्वयंपाक शिकायचा राहून गेलेला, त्यामुळे त्यांचं थालीपीठ पाण्यात टाकलं असतं तर माशांनीही विचार केला असता. पण तिथल्या वाऱ्यावर तेही जायचं.

पक्ष्यांची खरी नावं शिकायला त्यांचा नकार होता. कधी कधी दुर्बिणी लावून फिरणारी हौशी मंडळी तिथे यायची. एकानं उत्साहानं त्यांना पुस्तक दाखवलं. बाई म्हणाल्या, "मला नव्या हजेरीपटाची जरूर नाही, माझा जुनाच पुरतो." आणि खरंच त्यांनी शाळेतला सगळा स्टाफ धरणावर रुजू करून घेतला होता. पाण्याच्या कडेला दिवसभर एका पायावर उभा राहणारा तो राखी बगळा म्हणजे शिक्षणाधिकारी. काही करत नाही, पण मान कधी खाली येईल आणि कोणाला उचलेल सांगता येत नाही. पंख पसरून खांबावर उन्हात वाळत बसणारा पाणकावळा म्हणजे पीटीचे सर. कोणी काही करायच्या आतच आरडाओरडा करणारी टिटवी म्हणजे शिवणाच्या बाई. मी हसून लोळायची. एकदा धीर करून विचारलं, "आणि मी कोण?"

बाईंनी क्षणाचाही विचार न करता काठावर तुरुतुरु धावणाऱ्या धोबीण पक्ष्याकडे बोट दाखवलं. "ती बघ. सारखी शेपूट हलवते. हो बाई, हो बाई, हो बाई."

त्यानंतर काही दिवस मी त्यांच्याशी बोलताना मान स्थिर ठेवायचा प्रयत्न करत होते.

थट्टा जाऊ दे. त्या काठावर वर्षं गेली आणि बाई बदलत गेल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकायचं आणि धरणात गेलेल्या जुन्या शेतांचे बांध वर यायचे. त्या ओल्या गाळात आसपासचे लोक काकड्या, टरबुजं लावायचे. बाई त्या बांधांवरून बूट चिखलात माखवत चालायच्या आणि कोणाचा वेल कुठवर आला याची खबर मला आणून द्यायच्या. हिवाळ्यात समोरचे डोंगर दुपारपर्यंत धुक्यात असायचे, तर त्या एकेक शिखर कधी बाहेर येतं त्याची वाट बघत बसायच्या. मला आठवतं, एकदा परतीची एसटी समोरून निघून गेली आणि बाई हसल्या. वेळेवर न पोचण्यात मजा असते हे त्यांना साठीनंतर कळलं होतं, आणि एखादी परकरी मुलगी नवी खोडी शिकावी तसं त्या ते पुन्हा पुन्हा करून बघत होत्या.

आणि नेमकं तेव्हाच पुण्याहून बंडू आला.

बंडू म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा बाई जेमतेम मॅट्रिक झालेल्या. नोकरी धरून त्यांनी बंडूला शिकवलं, बँकेत चिकटवलं, त्याचं लग्न करून दिलं. स्वतःचं लग्न त्या गडबडीत राहून गेलं. 'राहून गेलं' हा त्यांचाच शब्द, दळण टाकायचं राहून जावं तसा. हा बंडू आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला आणि बँकेतून व्हीआरएस घेऊन मोकळा झालेला गृहस्थ होता. त्याच्या मुलाला मूल झालं होतं. मुलगा कंपनीत, सून कंपनीत. तान्ह्या बाळाकडे बघायला घरचं माणूस हवं.

एका शुक्रवारी संध्याकाळी बंडूभाऊ आणि वहिनी गाडीनं आले. वहिनी बारीक चणीच्या, अबोल, आणि हात एक मिनिट रिकामे न ठेवणाऱ्या. बाईंनी मला चहाला वर बोलावलं, तर चहा वहिनींनी आधीच टाकलेला, कपबशा धुतलेल्या आणि ओट्यावरचा डाग घासायला घेतलेला.

बंडूभाऊंनी विषय काढला. "अक्का, तू आता आमच्याकडेच चल. तुलाही एकटं राहायला नको, बाळाचंही होईल. नाहीतरी तू आता रिकामीच आहेस."

"रिकामी नाही," बाई म्हणाल्या. "मोकळी आहे."

"तेच ते गं."

शिक्षणाधिकाऱ्यांना उभं-आडवं घेणाऱ्या बाई धाकट्या भावासमोर कपबशीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या धरणावर जाऊ. तिथे बोलू. इथे मला सुचत नाही."

त्या दोघांना आतल्या खोलीत गाद्या घातल्या आणि बाई जिना उतरून खाली माझ्या दाराशी आल्या. त्यांच्या हातात ते पांढरे बूट होते. खडूनं नीट पांढरे केलेले.

"हे तुझ्याकडे असू देत," त्या म्हणाल्या. "पुण्यात फ्लॅट आहे त्यांचा. तिथे कशाला लागणार?"

"म्हणजे तुम्ही जाणार?"

"जावंच लागेल. शाळेत शेकडो मुलींना नाही म्हटलं गं मी. घरात कधी म्हटलं नाही. आता या वयात ते कुठून शिकू?"

मी नुसती मान हलवत राहिले. धोबिणीसारखी. शेवटी म्हटलं, "उद्यापुरते तरी घाला. तिथे काटे असतात." त्या बूट घेऊन परत वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझी शाळा सुटल्यावर आम्ही चौघं बंडूभाऊंच्या गाडीतून निघालो. फाट्याच्या पुढे कच्च्या रस्त्यावर गाडीचा तळ घासला तशी बंडूभाऊंनी गाडी थांबवली आणि चकचकीत चामडी बुटांनी ढेकळं तुडवत, कपाळाचा घाम पुसत ते चालू लागले. करंजाखाली पोचल्यावर बाईंनी खुर्ची उघडून वहिनींना दिली. ती खुर्ची दुसऱ्या कोणाला दिलेली मी पहिल्यांदाच बघत होते. बंडूभाऊ दगडावर रुमाल पसरून बसले.

"आधी थोडा वेळ बसायचं," बाईंनी सांगितलं. "मग बोलायचं."

बंडूभाऊंना ते जमण्यासारखं नव्हतं. दोन श्वास होतात न होतात तोच ते म्हणाले, "अक्का, मी काय म्हणतो..."

बाईंनी ती नजर टाकली. बँकेचा निवृत्त अधिकारी खाली बघून बुटाचा चिखल काडीनं काढायला लागला.

वहिनींचे हात इकडे चालूच होते. आधी त्यांनी पदराला लागलेली कुसळं एकेक करून काढली. मग डब्याच्या पिशवीची नीट घडी घातली. मग माझ्या ओढणीची कुसळं काढली. मग काढायला काहीच उरलं नाही, आणि त्यांचे हात मांडीवर येऊन थांबले. समोर पाणी अगदी संथ होतं. वारा होता. पलीकडच्या काठाला कोणाची तरी बैलं पाण्यात उतरली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. मी त्या बैलांकडे बघत होते. परत वळून पाहिलं तर वहिनी झोपल्या होत्या. बसल्या बसल्या, मान एका बाजूला कलती, तोंड जरासं उघडं.

"अगं... अगं..." म्हणत बंडूभाऊ उठायला लागले.

"हात लावू नकोस तिला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. असा हळू आवाज त्यांनी शाळेत काढला की वर्ग थिजायचा.

बंडूभाऊ परत बसले. ऊन सरकलं तसं बाईंनी उठून छत्री उघडली आणि वहिनींच्या चेहऱ्यावर सावली येईल अशी धरून उभ्या राहिल्या. मी छत्री मागितली, दिली नाही. बंडूभाऊ बायकोकडे बघत होते. आधी जरा ओशाळल्यासारखे, मग नीट.

"दुपारची झोपलेली हिला मी कधी बघितलंच नाही," ते म्हणाले.

"रात्रीची तरी बघितलीस का?" बाईंनी विचारलं. "तू झोपल्यावर झोपते आणि तू उठायच्या आत उठते ती. आपल्या आईचं अंथरूण तिनं काढलं. तुझ्या मुलाचे डबे, तुझे डबे, आता सुनेचे. मी सुटीत यायचे तेव्हा मलासुद्धा आयतं ताट तीच द्यायची, आणि मी बसून घ्यायचे."



बैलं बाहेर निघाली, कोणीतरी त्यांना हाकत नेलं, तरी वहिनी झोपलेल्याच. मग एकदम दचकून जाग्या झाल्या. "अगंबाई! कुकर..." त्या उठू लागल्या. मग त्यांना पाणी दिसलं, छत्री धरून उभ्या असलेल्या नणंदबाई दिसल्या. त्या इतक्या लाजल्या, की आता रडतील असं मला वाटलं. पण नाही. त्या परत टेकून बसल्या आणि बराच वेळ समोर बघत राहिल्या.

बंडूभाऊंनी घसा साफ केला. "मग अक्का, कधी येतेस? पुढच्या महिन्यात..."

"वन्सं येणार नाहीत," वहिनी म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही त्यांच्याकडे बघितलं.

"अगं, काय बोलतेस? त्यासाठीच तर आलोय आपण!"

"तुम्ही आलात. मला बरोबर आणलंत." वहिनी अजून समोर पाण्याकडेच बघत होत्या. "बाळाला आई आहे, बाप आहे, आजी आहे, आजोबा आहे. एवढी चार माणसं पुरत नाहीत, आणि पाचवं या झाडाखालून उठवून न्यायचं? का? त्यांनी तुम्हाला वाढवलं तेवढं पुरे नाही झालं?"

"अगं, पण तुझ्यावरच भार पडतो म्हणून तर..."

"हो ना. म्हणून महिन्यातनं थोडे दिवस मी इथे येणार आहे. वन्संकडे. त्या ठेवून घेतील तर."

"आणि बाळ? बाळाकडे कोण बघणार?"

"तुम्ही."

"मी?"

"तुम्हीही रिकामेच आहात की आता," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी पटकन तोंड पाण्याकडे वळवलं. मला वाटलं, हसू लपवतायत. पण त्या वळल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. त्यांनी नुसता डबा उघडला आणि थालीपीठाचा पहिला तुकडा वहिनींच्या हातावर ठेवला. वहिनींनी तो तोंडात टाकला, चावला, परत चावला.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी डबा मी आणीन."

आणि खरोखरच वहिनी येऊ लागल्या. दर महिन्याला शिवाजीनगरहून नाशिकची एसटी पकडून, एक छोटी बॅग घेऊन. बंडूभाऊ पहिले काही महिने घुश्शात होते. मग बाळाला आंघोळ घालायला शिकले, त्याला पेज भरवायला शिकले, आणि मग आपल्यासारखी पेज सुनेलाही जमत नाही असं नातेवाइकांना ऐकवू लागले. बाई म्हणायच्या, "बंडूला शिकवायचं तेवढंच माझ्याकडून राहिलं होतं, ते हिनं करून घेतलं."

दोघी जणी काठावर बसायच्या. वहिनींचे हात आधी थोडा वेळ काहीतरी शोधायचे, मग थांबायचे. पुष्कळदा त्या झोपायच्या, आणि बाई त्यांना झोपू द्यायच्या. गप्पा फारशा नसत. पुढे त्या बाजूला फार्महाउस झाली, द्राक्षांचे नवे मळे आले, एक दिवस करंजाभोवती तारेचं कुंपणही पडलं. मी चिडले. बाई तार न्याहाळत म्हणाल्या, "पाणी काही तारेच्या आत नेलेलं नाही त्यांनी," आणि दोघींनी आपलं बिऱ्हाड थोडं पुढे एका बाभळीखाली हलवलं. बाभळीची सावली विरळ. वहिनींनी पुण्याहून दोन टोप्या आणल्या, क्रिकेटवाले घालतात तशा. नऊवारी नेसायच्या वयाच्या त्या दोन बायकांना टोप्या घातलेल्या बघून एसटीतले लोक सरकून जागा द्यायचे. आदरानं की भीतीनं, सांगता येत नाही.

बाई गेल्या त्या फार त्रास न होता. थंडीत छातीत कफ झाला, चार-दोन दिवस अंथरुणावर होत्या. वहिनी पुण्याहून आल्या आणि शेवटपर्यंत उशाशी होत्या. तापातही बाईंनी खिडकी लावू दिली नाही.

दहाव्याचे विधी रामकुंडावर झाले. बंडूभाऊ अगदी खचून गेले होते, लहान मुलासारखे. त्यांच्या मुलानं त्यांना धरून गाडीत बसवलं. त्याला संध्याकाळच्या आत पुणं गाठायचं होतं. वहिनी गाडीजवळ आल्या, नवऱ्याच्या गळ्याभोवती मफलर नीट केला, आणि मुलाला म्हणाल्या, "तू यांना घेऊन पुढे हो. मी उद्या येते."

"अगं आई, इथे आता काय आहे?"

त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं. गाडी गेल्यावर मला म्हणाल्या, "गिरणारेची एसटी मिळेल ना गं आता?"

मिळाली. आम्ही फाट्यावर उतरून चालत गेलो. ऊन कलायला लागलं होतं. वहिनी बाभळीखाली मातीतच बसल्या, मी शेजारी. पाण्यावर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या येत होत्या आणि जात होत्या. वहिनींचे हात मांडीवर आल्या आल्याच स्थिर झाले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायची त्यांना काही घाई नव्हती.

त्यांच्या पर्समधला मोबाईल वाजला. बराच वेळ वाजू दिल्यावर त्यांनी तो काढून कानाला लावला. पलीकडून मुलाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, कुठे आहेस तू? आत्याच्या घरच्या फोनवर किती वेळ लावतोय. बाबा विचारतायत, काय करतेस?"

वहिनींनी समोर बघितलं.

"कामात आहे रे मी," त्या म्हणाल्या. "नंतर बोलते."